चार हातांचा मोप्पो

आपल्याकडे ऋतू सहा. शाळेत ते क्रमाने पाठ केले होते, पण पुण्यात माझ्याकडे स्वेटर एकच असल्यामुळे त्यांच्यातला फरक अंगावर असा कधी जाणवला नाही. जर्मन लोक चारच ऋतू मानतात आणि ते ट्रामसारखे वेळेवर यावेत अशी अपेक्षा ठेवतात. मात्र एवढी शिस्तीची माणसं एक पाचवा ऋतूही बाळगून असतात. त्याचं नाव फाशिंग, सोंगं घेऊन मिरवायचे दिवस. फेब्रुवारीत आभाळ ओल्या सिमेंटच्या रंगाचं झालेलं असताना तो अचानक उगवतो. आदल्या आठवड्यात कचऱ्याच्या डब्यावरून तुम्हाला सुनावणारा शेजारी मधमाशी होऊन जिन्यात भेटतो आणि गंभीरपणे "गुटेन मॉर्गेन" म्हणतो. आपणही तेवढ्याच गंभीरपणे म्हणायचं. मधमाशीला हसायचं नाही, हा या ऋतूचा पहिला नियम.

मला या ऋतूची वर्दी बेकरीतून मिळते. काउंटरवरच्या बाई डोक्यावर मांजराचे कान लावून उभ्या असतात, चेहरा मात्र बारा महिने असतो तोच. काचेमागे क्रेपल रचलेले असतात. क्रेपल म्हणजे तळलेला गुबगुबीत गोळा, बाहेर साखर, आत लाल जॅम, आणि तो जॅम कुठल्या बाजूने कोटावर उतरेल हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. यंदा मी पहिल्या क्रेपलचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला. रेवाचा. रेवा माझी मुलगी, वय वीस, मुक्काम नेकारसुल्म. तिथल्या मोटारींच्या कारखान्यात ती शिकते आणि काम करते.

"बाबा, बसलायस का?"

"उभा आहे. हातात क्रेपल आहे."

"मग तो खाली ठेव. त्यांनी मोप्पोला परत पोट दिलंय."

ज्यांच्या घरात मूल नव्हतं किंवा टीव्हीला जोडायचा खेळ नव्हता, त्यांच्यासाठी सांगतो. मोप्पो हे पाणमांजर आहे. व्हिडिओ गेममधलं. नदी ओलांडायची, वाटेत खेकडे चुकवायचे, शेवटी एक दुष्ट बगळा हरवायचा, एवढंच त्याचं आयुष्य. पण एवढ्या भांडवलावर तो जगभरच्या कपांवर, दप्तरांवर, टूथब्रशांवर जाऊन बसला.

माझी त्याची ओळख कोथरूडची. मस्कतच्या मामाने टीव्हीला जोडायचा एक करडा डबा आणला होता, त्यात तो आला. तेव्हा तो मोजक्या रंगीत चौकोनांचा होता. दोन काळे चौकोन म्हणजे मिशा, बाकी सगळं पोट. वय असावं पंचेचाळिशीचं. तोंडात पाइप, हातात दांडकं. खेकडा दिसला की डोक्यात घालायचं, मासा दिसला की काट्यासकट खायचा. डब्यावर लिहिलं होतं, संपूर्ण कुटुंबासाठी. माझ्या वडिलांनी एकदा चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा आपल्या दूधकेंद्रावरच्या सावंतांसारखा दिसतो." त्यानंतर दूध आणायला गेलो की मी सावंतांच्या हातात दांडकं आहे का ते आधी बघत असे.

पुढे मोप्पोचा पाइप गेला. कधी गेला कळलं नाही, नव्या खेळात पाइप नव्हताच, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मग दांडक्याची छत्री झाली. मी कॉलेजात गेलो तेव्हा मोप्पो चिडला. भुवया तिरक्या, अंगात चामड्याचं जाकीट, बुडाखाली मोटरसायकल. पाणमांजराला मोटरसायकल कशाला लागते असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, कारण आम्ही सगळेच चिडलेलो होतो. माझे केस खांद्यापर्यंत होते आणि एकांकिका स्पर्धेत मी दर वर्षी चिडलेला तरुण करत असे. तो कशावर चिडलाय ते दिग्दर्शकाने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मोप्पोलाही बहुधा कुणी सांगितलं नसावं.

मग मी फ्रँकफर्टला आलो, एका बँकेच्या संगणकांची देखभाल करू लागलो, लग्न झालं, रेवा झाली. आणि ती खेळायच्या वयाची झाली तेव्हा पडद्यावर जो मोप्पो आला त्याला मी ओळखलंच नाही. पोट गेलेलं. मिशा गेलेल्या. डोळे एवढे मोठे की मागच्या बाजूला मेंदूला जागा उरली नसावी. वय दहा. गळ्यात मफलर. हा मोप्पो मासे खात नव्हता, नदीतला कचरा उचलत होता. खेकड्यांना मारत नव्हता, त्यांच्या भावना समजून घेत होता. बगळासुद्धा दुष्ट राहिला नव्हता. त्याचं बालपण कठीण गेलं होतं.

म्हणजे बघा, आधी तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता, मग माझ्या, मग माझ्या मुलीच्या. असं उलट्या पावली चालणं माणसाला जमत नाही. त्याने टाकलेलं पोट कुठे गेलं असा प्रश्न मला पडत असे, पण तो आरशासमोर उभं राहीपर्यंतच.

आणि आता त्यांनी ते त्याला परत दिलं. मिशांसकट. आमची पिढी पन्नाशीला आली, खिशात पैसे खुळखुळू लागले, आणि कंपनीतल्या कुणाला तरी आमच्या बालपणाची एकाएकी दया आली.

"कसा दिसतो माहितीये?" रेवा फोनवर म्हणाली. "एखाद्या काकांसारखा. खरा मोप्पो असा नसतोच मुळी. खरा मोप्पो बारीक असतो."

मी कोटावरचा जॅम बोटाने उचलून खाल्ला. हे भांडण मी पूर्वी ऐकलं होतं, याच ऋतूत, नानांच्या तळघरात, आणि तेव्हा रेवाचं डोकं माझ्या खांद्याला लागत होतं.

ते फाशिंग मला आधी वासाने आठवतं. भिजवलेल्या जर्मन वर्तमानपत्रांचा आंबूस वास, डिंक, लगद्यात घालायचं मेथीचं कूट, आणि वरून जिन्यावरून येणारी कॉफी. आमच्या उपनगरातले नाना चाळीसेक वर्षांपूर्वी यंत्रांचं शिक्षण घ्यायला इथे आले आणि उर्सुलाकाकूंशी लग्न करून इथेच राहिले. काकू नानांना "अहो" म्हणतात. त्यातला "ह" असा खणखणीत जर्मन असतो की नाना हातातलं काम टाकून उभे राहतात. दर भाद्रपदात आमच्या मराठी मंडळाचा गणपती नाना तळघरात कागदाच्या लगद्यापासून घडवतात. माइन नदीत मूर्ती सोडता येत नाही, म्हणून विसर्जन होतं त्यांच्याच बागेत, पावसाचं पाणी साठवायच्या निळ्या पिंपात. लगदा विरघळतो, काकूंच्या गुलाबांना जातो. तारेचा सांगाडा तेवढा उरतो. तो नाना पुसून, तेल लावून खिळ्याला टांगून ठेवतात.

पिंपाशेजारच्या कुंपणापलीकडे हेर क्रेमर, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत क्रेमर, राहत. हीटर दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा, पण खरा जीव आमच्या उपनगरातल्या फाशिंगच्या मिरवणुकीत. तिचे ते प्रमुख. गणपतीत मोदक खायला न चुकता येणार, आणि खाऊन झाल्यावर दर वर्षी विचारणार की हे आतलं नेमकं काय असतं. त्या जानेवारीत ते कुंपणावरून म्हणाले, "यंदाचा विषय आहे बालपणीचे सवंगडी. तुमच्या मंडळाने एक गाडी आणा."

मंडळाची सभा झाली. आईबाप आणि मुलं दोघांनाही ठाऊक असलेला सवंगडी एकच निघाला, मोप्पो. ठराव एकमताने पास. आमच्या मंडळात एकमत झालं की मला धडकी भरते. तसंच झालं. प्रत्येकाने आपापला मोप्पो डोळ्यांसमोर आणून हात वर केला होता.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. रेवा बालवाडीत गेली तेव्हापासून दर फाशिंगला आम्ही बापलेक जोडीने सोंग घेऊन मिरवणुकीत चालत असू. एकदा मी सिंह झालो आणि ती चाबूकवाली. एकदा मी मीठ, ती मिरी. एकदा मी झाड होतो आणि ती मला कापायला आलेला माणूस होती. सबंध रस्ताभर तिने मला कापलं. त्या वर्षी ती बारा वर्षांची होती. मी विचारलं, "यंदा आपण काय व्हायचं?" ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "माल झेएन."

माल झेएन म्हणजे बघू. जर्मनीत मूल वाढवलेल्या कुणालाही विचारा. हे "बघू" कशाकडेही बघत नसतं.

मी बेत सांगितला. मी होईन जुना मोप्पो, तू हो नवा. बायको मेघना एका तपकिरी ब्लँकेटचा माझा पोशाख बेतायला बसली होती. तिने विचारलं, "पोटाला उशी लागेल ना?" मग टेप हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे."

रेवाने विचार केला आणि अट घातली. आमची मुलं त्या वयात मराठी ऐकायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेव्हा अट जर्मनमध्येच आली: गाडीवरचा मोप्पो खरा असेल तर ती येईल. खरा म्हणजे तिचा. वर्गातल्या सगळ्या मुली औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभ्या असणार होत्या आणि त्यांच्यासमोर सावंतांच्या आकाराचं पाणमांजर घेऊन चालायला ती तयार नव्हती.

मी तिला घेऊन तडक नानांच्या तळघरात गेलो. नानांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम पाहिलेला नव्हता. मी त्यांना माझ्या जुन्या डब्यावरचं चित्र दाखवलं, रेवाने आपल्या फोनवरचं.

"हा कोण?"

"मोप्पो."

"आणि हा?"

"तोही मोप्पोच."

"बापलेक?"

"नाही नाना, एकच आहे."

नानांनी दोन्ही चित्रं जवळजवळ धरली. "मध्ये आजारी होता का?"

"आजोबा, ड्युनर," रेवा हाताने हवेत उभी रेघ ओढत म्हणाली. "बारीक हवा. असा."

"अगं, पोट काढलं तर हा बसणार कशावर?"

"तो बसत नाही. तो पळतो."

"माझ्या हातून पळणारं काही होत नाही," नाना म्हणाले. त्यांनी खिळ्यावरून सांगाडा काढून टेबलावर ठेवलासुद्धा होता.

तो सांगाडा गणपतीचा होता. मांडी घालून बसलेला, रुंद, प्रसन्न, आणि अर्थातच चार हातांचा. मी हळूच म्हटलं, "नाना, पाणमांजराला दोनच हात असतात."

"विसर्जन झालं की ती नुसती तार," नाना म्हणाले. "चांगली तार आहे. वाया कशाला घालवायची?"

"मग दोन हात कापू या." मी पक्कड उचलली.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती परत ठेवली. "त्या हातांनी बाप्पाने आशीर्वाद दिलाय, सुहास."

"पण तुम्हीच म्हणालात ना, नुसती तार आहे."

"वापरायला नुसती तार. कापायला नाही."

जिन्यावर उर्सुलाकाकू कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. म्हणजे बरोब्बर. मंडळाच्या घटनेत याच्यावर अपील नाही.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांइतकं चुरशीचं नाटक मी रंगभूमीवरही पाहिलेलं नाही. रेवा शाळा सुटली की तळघरात जायची आणि चमच्याने मोप्पोचं पोट खरवडायची. दुसऱ्या दिवशी पोट जागेवर. "भेग पडली होती, बुजवली," नाना म्हणायचे. ती पुन्हा खरवडायची. ते पुन्हा बुजवायचे. दोघांचं आपसात उत्तम चाललेलं असे. ती जर्मनमध्ये तक्रार करायची, ते मराठीत "हो गं बाई" म्हणायचे, काकू दोघांना केक द्यायच्या. बाही कोपरापर्यंत लगद्याने माखवून ती घरी आली की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत असे. जी मुलगी रोज जातेय ती शेवटी चालेलही, असा माझा तर्क.

नाना हट्टाने करत नव्हते हे मला दिसत होतं. बोटांना सवय होती. इतकी वर्षं ती बोटं एकच उतार उतरत आली होती, छातीवरून पोटावर, पोटावरून मांडीवर. डोळ्यांसमोर रेवाचा फोन उभा करून ठेवला होता, तरी अंगठा आपल्या वाटेनेच जायचा. आणि मला हेही वाटलं की आपण माणसं या बाबतीत मोठी उदार आहोत. आपला गणपती दर वर्षी नवा येतो. कधी सिंहासनावर, कधी झोपाळ्यावर, एका वर्षी नानांनी तो चष्मा लावून वाचत बसलेला केला होता. गेल्या वर्षीचाच खरा, यंदाचा खोटा, असं म्हणत कुणी रुसलेलं मला आठवत नाही. सोंड दिसली, पोट दिसलं, की हात आपोआप जुळतात. मोप्पोला मात्र आम्ही ती सवलत द्यायला तयार नव्हतो. मी त्याच्या पोटाला धरून बसलो होतो आणि माझी मुलगी त्याच्या कंबरेला. खरं तर दोघांनाही मोप्पो नको होता. मला सावंत दूध मोजून देत असतानाचं कोथरूड हवं होतं. तिला काय हवं होतं ते तिला आताशा नेकारसुल्ममध्ये बसून कळायला लागलं असेल.

अखेर मोप्पो पूर्ण झाला. रंग तपकिरी, मिशा माझ्या आग्रहाने, डोळे रेवाच्या आग्रहाने. पोट नानांचं. कान सुपाएवढे, कारण कानांच्या बाबतीत कुणी सूचना दिली नव्हती. एक हात आशीर्वादाचा. दुसऱ्यात मासा, माझ्यासाठी. तिसऱ्यात कचरा उचलायचा चिमटा, रेवासाठी. चौथा रिकामा दिसतो म्हणून नानांनी त्याच्यावर एक क्रेपल ठेवला होता. तो इतका ओळखीचा दिसत होता की मेघनाने चप्पल बाहेर काढली.

रेवाने बोटाने हात मोजले. "चार हात, पापा," ती शेवटी जर्मनमध्ये म्हणाली. पापा हा शब्द ती फक्त निकाल सुनावताना वापरते. "मी येणार नाही. मी कोपऱ्यावर मैत्रिणींबरोबर उभी राहीन."

"बरं."

"आणि मला बघून हात करू नकोस. माझ्याकडे बघूच नकोस."

मी कबूल केलं. आवाज जरा नाटकी लागला असेल. मेघना त्या संध्याकाळी माझ्या ब्लँकेटला शेपटी शिवत होती. तिने नुसतं वर पाहिलं आणि टाका घट्ट ओढला.

मिरवणुकीच्या दिवशी पाऊस होता. इथला फेब्रुवारीचा पाऊस पडत नाही, हवेत उभा असतो. माझं तपकिरी ब्लँकेट पहिल्या दहा मिनिटांतच ओल्या कुत्र्यासारखं वास मारू लागलं. आमची गाडी म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेला एक सपाट, कठडा लावलेला ठेला. वर मध्यभागी मोप्पो, त्याच्या उजवीकडे फेटा बांधलेले नाना, डावीकडे नऊवारी आणि हिरव्या केसांचा टोप अशा वेशात उर्सुलाकाकू, पुढ्यात चॉकलेटांची बादली. चाकांखाली मुलं येऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाशी एक मोठा माणूस चालावा लागतो. उजवं मागचं चाक माझं.

हेर क्रेमर आरमाराच्या टोपीत येऊन गाडीभोवती फिरले. मोप्पोला बोट लावून बघितलं आणि बोट बघितलं. "याला वॉर्निश दिलंय ना?"

नानांना ते लागलं. "माझ्या मूर्तीला वॉर्निश नसतं. पाण्यात गेली की ती विरघळली पाहिजे. तीच तर तिची खासियत."

क्रेमरनी आभाळाकडे पाहिलं. मग नानांकडे. मग शिट्टी वाजवली, कारण पुढच्या गाड्या निघाल्या होत्या.

सुरुवातीला काही जाणवलं नाही. लोक "हेलाऊ" ओरडत होते, आम्हीही ओरडत होतो, चॉकलेटं उडत होती. चौकाशी आल्यावर मोप्पोची डावी मिशी काकूंच्या बादलीत पडली. काकूंनी ती चॉकलेटांबरोबर उचलून कुणाच्या तरी पिशवीत टाकली असावी, कारण पुन्हा ती दिसली नाही. शाळेशी उजवी गेली. मग पोट उतरू लागलं. आधी ते नुसतं झुकलं, मग मांडीवर आलं, मग दोन्ही बाजूंनी ठेल्यावरून तपकिरी ओघळत रस्त्याला लागलं. निघालो तेव्हा गाडीवर माझा मोप्पो होता. औषधांच्या दुकानाच्या अलीकडे मी मान वर करून पाहिलं तर तिथे मिशा नसलेलं, पोट नसलेलं, मोठ्या डोळ्यांचं एक बारीक पोर बसलं होतं. ज्या बदलाला कंपनीला माझं निम्मं आयुष्य लागलं, तो पावसाने अर्ध्या रस्त्यात उरकला होता.

हात मात्र चारही शाबूत होते. तार चांगली होती.

फक्त आशीर्वादाचा हात, आमच्या बाजूचा, पाणी पिऊन जड झाला आणि खांद्यातून कलंडत फुटपाथच्या दिशेने बाहेर आला. बरोबर कोपऱ्यावर. मी वचनाप्रमाणे नाक समोर ठेवून चालत होतो, तरी डोळ्याच्या कडेला लाल ठिपक्यांचे पंख दिसले. ती रेवाची मैत्रीण लेना. म्हणजे शेजारचा निळा कोट कुणाचा ते बघायची गरज नव्हती.

शिट्टी झाली. ट्रॅक्टर थांबला. मागचा बँडवाल्यांचा ताफा वाजवत वाजवत आमच्या पाठीवर आला.

"हात गाडीबाहेर आलाय," क्रेमर म्हणाले. "एक तर तो काढा, नाही तर गाडी बाजूला घ्या. माझा इलाज नाही."

"हात काढायचा नाही," नाना वरून म्हणाले.

"अहो, मग धरा," काकू म्हणाल्या.

नानांनी धरायचा प्रयत्न केला, पण त्यांचा खांदा वर जात नाही हे सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. मी ठेल्याच्या पायरीवर एक पाय ठेवला. ठेला माझ्याकडे झुकला, मोप्पो झुकला, नाना झुकले. "सुहास," क्रेमर अगदी हळुवारपणे म्हणाले, "नाइन." नाही म्हणजे नाही. मी पाय काढून घेतला. बँडवाले तोच तुकडा तिसऱ्यांदा वाजवत होते. क्रेमर ट्रॅक्टरवाल्याला गल्लीकडे वळायची खूण करू लागले.

तेवढ्यात लेनाचा आवाज आला, मोठा, कोपऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "याला चार हात कसे? हे चुकलंय."

मी समोर बघत होतो. समोर एक बँक होती आणि तिच्या दारावर ओल्या कागदी पताका. मग रेवा म्हणाली, "दास मुस सो."

हे असंच असायला हवं. एवढंच. नियमात आहे, बाकी चौकशी खिडकी क्रमांक चारवर, अशा सुरात.

नंतर मला ऐकू आलं ते "हा धर, माझा क्रेपल," आणि मग चाकावर बुटांचा आवाज. निळा कोट माझ्या खांद्यावरून वर गेला. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती मोप्पोच्या मांडीवर, म्हणजे जिथे मांडी होती तिथे, पाय रोवून उभी राहिली आणि तो हात तिने खाली वाकून आपल्या खांद्यावर घेतला. इतके दिवस खरवडून तिला त्याचं अंग न् अंग पाठ झालं होतं. कुठून उचललं की तार धरते ते नानांनंतर तिलाच माहीत. क्रेमरनी एक डोळा मिटून अंतर जोखलं आणि शिट्टी वाजवली.

ट्रॅक्टर निघाला.

"बाबा." वरून आवाज आला. मराठीत, भर रस्त्यात, सगळ्या वर्गासमोर. लेनाला कळू नये म्हणून असेल. "समोर बघ. वर बघायचं नाही."

मी म्हटलं, "बरं."

म्हणजे तसं पाहिलं तर त्या वर्षी ती माझ्याबरोबर चाललीच नाही. ती उभी होती. चालत मी होतो, भिजलेली शेपटी ओढत, चाकाशेजारी, नजर नाकासमोर. वर काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. पाहिले ते फक्त रस्त्यावरच्या लोकांचे चेहरे. ते आधी हात मोजायचे, ओठ हलताना दिसायचे. मग एकदम हसायचे. मग जोकराचं लाल नाक लावलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि आशीर्वादासाठी मान खाली घातली. त्याच्या पुढच्या बाईंनीही घातली. त्यांच्यापुढे बालवाडीची एक सबंध रांग होती, कोंबड्या, चाचे, एक बंबवाला, आणि ती मुलं वाऱ्यात गवत वाकावं तशी एकामागून एक वाकत गेली. त्यांच्या डोक्यांवर तपकिरी पाण्याचे थेंब पडत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

पुलापाशी गाडीला एक हिसका बसला आणि माझ्या डोक्यावर काहीतरी ओलं, जड, लगद्याचं टेकलं. हिसक्याने टेकलं असतं तर लगेच उचललं गेलं असतं. ते जरा वेळ तिथेच राहिलं.

मी समोर बघत चालत राहिलो.